तारीख कोण टाकतं?

भेस्तानच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात मी प्रिंट काढायला गेलो होतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक बाई बसली होती. सारखी दाराकडे बघायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. ब्राउझर बंद करून उठली, दाराशी गेली आणि परत आली.

"भाऊ, हे बंद केलं म्हणजे मी निघाले ना यातून?"

मी ती वेबसाइट पुन्हा उघडली. वर तिचंच नाव, खाली बारडोलीतल्या नोकरीचा अर्ज. तिचा चेहराच उतरला.

"घरी माहीत नाही कुणाला," ती हळूच म्हणाली.

लॉगिन करताना तिने 'मला लक्षात ठेवा'च्या चौकटीतही टिक केली होती.

"टिक केल्याशिवाय कुठला फॉर्म पुढे जातो, भाऊ?"

मी वेबसाइट बनवतो, त्यामुळे समजावून सांगायची भारी हौस. म्हटलं, "ताई, आपली ओळख कॉम्प्युटरमध्ये एका बारक्या नोंदीत राहते, तिला कुकी म्हणतात. साधी कुकी ब्राउझर बंद केला की जाते. तुमच्या टिकमुळे दुसरी बसली. तिच्यावर तारीख असते, तोवर ती जात नाही."

मी लॉगआउट करून कुकी पुसली. तरी तिने स्वतः उघडून खात्री केलीच.

"ती तारीख कोण टाकतं?"

"वेबसाइट बनवणारा."

"त्याला काय माहीत, संध्याकाळी याच खुर्चीत माझा दीर बसतो ते!"

ती घाईघाईने निघून गेली. ऑफिसात आमच्या वेबसाइटसाठी अशी तारीख मीच टाकतो, सरसकट एक वर्ष पुढची. हल्ली कोड लिहिताना त्या तारखेच्या ओळीपाशी आलो की हात थांबतो, आणि मी उगाचच दाराकडे बघतो.