एका पुस्तकाला एकच हात

नकाशांचं पुस्तक आपल्याला शिवायला मिळणार, हे कळल्यावर घागर कारखान्याचा जिना दोनदा उतरली आणि दोनदा चढली. पहिल्यांदा उतरली ती आईला सांगायला. पण गल्ली ओलांडायच्या आत तिला आठवलं, की मास्तरांना हो म्हणायचंच राहिलंय. म्हणून वर. हो म्हणून झाल्यावर पुन्हा खाली, आणि आईला सांगून झाल्यावर पुन्हा वर, कारण दिवसाचं काम अर्धं पडलं होतं. बत्तीस वर्षांची बाई, गुडघे कधी कुरकुरतील याचा नेम नाही, पण त्या दिवशी पायांना भिंगरी लागली होती.

घागर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कारखाना पुस्तकबांधणीचा होता, तो चालवणारे मास्तर धरून सहा माणसांचा. तिथे सगळे मिळून जेवढं पाणी पीत नसत तेवढं ही एकटी प्यायची. तिला सिकलसेल होता, जन्मापासून. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात तो निम्मा निम्मा लपलेला, दोघंही ठणठणीत, आणि मुलीच्या वाट्याला मात्र अख्खा आला. चांगल्या गोल असायच्या त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडाच्या आतून अशी कळ उठते की माणसाला स्वतःचं नावही नकोसं होतं. अंगात पाणी कमी पडलं की त्या पेशींना आयतंच फावतं. म्हणून दिवसाला तीन लिटर, तहान असो वा नसो.

आता गंमत अशी, की पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पाण्याला बंदी. मास्तरांचा नियमच होता, पाण्याचा थेंब उंबऱ्याच्या आत येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर एक पेला कलंडला की संपलं. माठ बाहेर जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर ठेवलेला. घागरीच्या टेबलापासून तिथवर चौदा पावलं, तिने मोजली होती.

मास्तरांचा दुसरा नियम याहून कडक. एका पुस्तकाला एकच हात. पुस्तक शिवताना दुमडलेल्या पानांचा एकेक गट, म्हणजे फर्मा, चौकटीवर ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने मागच्या फर्म्याला जोडत जायचं. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी. मध्येच हात बदलला तर पुस्तकाची पाठ पुढे कधीतरी वाकडी होणारच. म्हणून जो सुरुवात करेल त्यानेच शेवटची गाठ मारायची. नाहीच जमलं तर सगळं उसवायचं आणि दुसऱ्याने पहिल्यापासून शिवायचं.

चार वर्षांपूर्वी घागरीला पहिलं मोठं पुस्तक मिळालं होतं. पाचव्या दिवशी पाठीत कळ आली आणि तिला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली तेव्हा मास्तरांनी तिची शिलाई उसवून पुस्तक स्वतः पुरं केलं होतं. कापलेल्या दोऱ्यांचा गुंता कचऱ्याच्या डब्यात वरच पडलेला तिला दिसला.  त्यानंतर तिच्याकडे वह्या, रजिस्टरं आणि पातळ पुस्तकं येऊ लागली, आणि तिला काय ते समजलं.

त्याच आजारपणात नवी डॉक्टरीणबाई भेटली आणि तिने आईच्या कारभाराला हात घातला. आईचं गणित साधं होतं. पोरीचं रक्त कमी, म्हणजे लोह कमी, म्हणजे लोहाचं टॉनिक सकाळ-संध्याकाळ. लहानपणापासून तिने ते इतक्या निष्ठेने पाजलं होतं की चमच्याचा रंगही बदलला होता. तपासणीत निघालं भलतंच. वारंवार रक्त चढवल्यामुळे अंगात लोह आधीच साठलेलं, त्यात टॉनिकची भर. डॉक्टरीणबाईने ते त्याच दिवशी बंद केलं. आई बाकावर बसून राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच हाताने पोरीला..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टरीणबाई जवळ येऊन बसली आणि म्हणाली, की हा उत्साह वाया घालवू नका, मला तो हवाय, फक्त दुसऱ्या कामाला लावू या.

आईला काम मिळालं की ती कोणाच्या बापाला ऐकत नसे. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या, त्या चुकवायच्या नाहीत. वाकडी पेशी पालेभाजीने सरळ होत नाही, हे बाईने पहिल्यांदाच बजावलं होतं. पण नवं रक्त बनवता बनवता शरीर दमतं, त्याला इंधन लागतं, आणि ते खातं आईचं. फॉलिक अॅसिडची गोळी न्याहारीबरोबर. मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, अंडं, दही, शेंगदाणे, रोज एक फळ. दोनदा तडस लागेस्तोवर जेवण्याऐवजी पाचदा थोडं थोडं. घागरीला वाटलं, टॉनिकबरोबर आईचं रोजचं बीटही सुटेल. बाई म्हणाली, बीट चांगलं असतं, खा. घागरीने कपाळाला हात लावला.

राहिलं पाणी. ते पोरगी कामात विसरते, हे आईला ठाऊक होतं. आई तीस वर्षं शाळेत शिपाई होती आणि तिथली घंटा तिच्या हाताखाली होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तिला तीच जुनी पितळी हातघंटा भेट दिली. घर कारखान्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या मजल्यावर. दर पाऊण तासाने आई गॅलरीत यायची आणि घंटा वाजवायची. समोरून तीन ठोके आले की घागर चौदा पावलं चालून पेला रिकामा करायची.

पहिल्या आठवड्यात गल्लीने तक्रार केली. दुसऱ्या आठवड्यात समोरचा न्हावी घंटा झाली की स्वतःही पाणी प्यायला लागला. महिन्याभरात चावीवाला, इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातली मुलगी, सगळे घंटेवर आले. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून न्हावी पेला तोंडाला लावायचा. अख्ख्या गल्लीची मूत्रपिंडं आईने सुधारली, असं इस्त्रीवाला म्हणे.

आणि खरंच तीन वर्षांत घागर एकदाच दवाखान्यात गेली. हे मास्तर बघत होते. ग्रंथालयाकडून नकाशांचं ते जुनं पुस्तक आलं, बहात्तर फर्म्यांचं, घड्या झिजलेल्या, समुद्र फाटून दोन ठिकाणी झालेले, तेव्हा त्यांनी ते सरळ नेऊन तिच्या टेबलावर ठेवलं. पंधरा-सोळा दिवसांनी ग्रंथालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं आणि पहिल्या काचेखाली हेच पुस्तक उघडून ठेवायचं होतं. मास्तर एवढंच म्हणाले, "नऊ दिवसांचं काम आहे. हात तुझा."

तिने कंबर कसली. दिवसाला आठ फर्मे. आधी झिजलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी, मग आरीने भोकं, मग दोऱ्याला मेण, आणि मग शिलाई. काय सांगावं ते सुख. हाडाच्या पट्टीने घडी दाबली की बोटांखालून डोंगररांगा सरकत जायच्या. एखादं बेट दोन पानांत चिरलं गेलेलं असायचं, आणि दोरा ओढला की दोन्ही तुकडे किनाऱ्याला किनारा लागून बसायचे. तिला हसू आवरत नसे. जेवताना आईला ती कुठल्या कुठल्या नद्या सांगत बसायची, आणि आई म्हणायची, नदी राहू दे, आधी मूग संपव.

आठव्या दिवशी एकसष्ट फर्मे झाले होते. अकरा उरले. दुपारचं जेवण, पेलाभर पाणी, आणि ती पुन्हा चौकटीला भिडली. हवा कोरडी, तापलेली. शिवताना पानं उडू नयेत म्हणून पंखाही बंद. हात असा लागला होता की तिला सगळं जग त्या दोऱ्याएवढं वाटत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. उजव्या नडगीत काहीतरी टोचलं. तिने पाय हलवला. परत टोचलं, आणि या वेळी ते आत शिरून बसलं. ही कळ तिच्या पक्क्या ओळखीची होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. दीड वाजल्यापासून घंटा झालीच नव्हती.

दीड वाजल्यापासून तीन तास, आणि घशाला कोरड पडलेली तिला कळलीसुद्धा नव्हती. आपली तहान आपण आईकडे सोपवून मोकळ्या झालो होतो, हे तिला त्या क्षणी समजलं. ती उठायला गेली. चौदा पावलं सोडा, पाय टेकवेना.

मास्तरांनी तिचा चेहरा पाहिला. ते काही न विचारता बाहेर गेले आणि माठातून तांब्या भरून सरळ आत आले. उंबरा ओलांडून, सगळ्यांच्या देखत, उघड्या नकाशांच्या शेजारी. कारखान्यातला प्रत्येक हात थांबला. तिने दोन पेले पाणी संपवलं, डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलेली गोळी घेतली, आणि पुन्हा सुई उचलली.

"ठेव ती," मास्तर म्हणाले.

"अकराच राहिलेत मास्तर. उद्या संपतील. सोसवतंय मला."

"सुई ठेव, पोरी."

"मी गेले की तुम्ही उसवाल."

हे तिच्या तोंडून चार वर्षांनी निघालं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मागच्या वेळी मी उसवलं, ते नियमासाठी नव्हे," ते म्हणाले. "तू परत येशील असं मला वाटलंच नव्हतं. माझा धीर सुटला. एकच हात म्हणालो मी, एकाच दमात कोण म्हणालं? जा. तुझी सुई आहे तिथेच राहील."

तेवढ्यात जिन्यावरून घंटेचा आवाज आला. आई धापा टाकत वर आली, घंटा हातात, तशीच वाजत. आतला लोलक निसटून पडला होता. चावीवाल्याकडे जोडायला नेला तर त्याच्याकडे ही गर्दी. मुलीला पाहून तिचं धाबं दणाणलं. पण ती आई होती, घाबरली की आधी रागवायची. "घंटा बंद पडली म्हणून तूही बंद पडलीस? तहान माझी आहे का तुझी?" आणि मग तिने मुलीचं डोकं पोटाशी धरलं.

दोन दिवस दवाखान्यात सलाईन, चार दिवस घरी, पायाला गरम पाण्याची पिशवी. घागरीचा जीव सगळा समोरच्या खिडकीत. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल कारखान्यात आले आणि उद्घाटन तोंडावर आलं, दुसरं कोणी बसवा, म्हणू लागले. ही बातमी न्हाव्याने आणली. मास्तरांचं उत्तरही त्यानेच सांगितलं. काच रिकामी राहिली तर राहू दे, पण पुस्तकाला दुसरा हात लागणार नाही. ते ऐकून घागरीने मागून घेऊन बीट खाल्लं.

सातव्या दिवशी ती हळूहळू जिना चढली. चौकटीवर पांढरं कापड होतं. ते उचललं तर सुई एकसष्टाव्या फर्म्याशी, तिने टोचली होती तिथेच. दोऱ्यावर धूळसुद्धा नव्हती. तिच्या टेबलाच्या डाव्या अंगाला, नकाशांपासून हातभर खाली, भिंतीत एक नवी फळी ठोकलेली होती. फळीला बारीक कठडा, कठड्यात घट्ट झाकणाचा तांब्या, आणि हे सगळं उंबऱ्याच्या आत. तिने मास्तरांकडे पाहिलं, पण त्यांना नेमकं तेव्हाच कात्रीला धार लावायचं सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहात्तरावा फर्मा बसला. संध्याकाळी उद्घाटन, म्हणून ग्रंथपाल घाम पुसत दारात उभे. कव्हर नंतर चढेल, पण आज पाठ तरी बांधलेली हवी होती. कारखान्यातले सगळे टेबलाभोवती जमलेले. न्हावीसुद्धा वर आलेला, खांद्यावर टॉवेल तसाच. शेवटची गाठ तेवढी राहिली होती. घागरीने दोरा आतून घेतला, ओढ जोखली, बोटाभोवती फास घातला. मास्तर श्वास रोखून उभे.

घंटेची वेळ व्हायला अजून दहा मिनिटं होती. पण घागरीला घशाशी बारीकशी कोरड जाणवली, तिची तिला.

तिने दोरा खिळ्याला अडकवला, सुई खाली ठेवली, डाव्या हाताने तांब्या उघडला आणि पेलाभर पाणी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. ग्रंथपालांनी तोंड उघडलं. मास्तरांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

मग तिने हात पुसले, चांगले कोरडे केले, आणि गाठ मारली.