दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो

सकाळी अकराला धुळ्यात आमच्या कॅसेटचं प्रकाशन होतं... आणि बारा वाजले तरी कॅसेटच आल्या नव्हत्या. त्या घेऊन निघालेले मामाही आले नव्हते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही चार मित्र, एक रॉक बँड आणि डोक्यात एकच खूळ... एक अख्खी परीकथा संगीतातून सांगायची. सुटी गाणी नाहीत, कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट. मधे मधे बराच वेळ नुसती गिटार आणि कीबोर्ड, शब्द अगदी थोडे. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे आख्ख्या धुळ्यात आम्हा चौघांनाच माहीत होतं. त्यातही ड्रमरला तितकीशी खात्री नव्हती.

आमच्यासारख्यांना कंपनी कोण विचारणार! सगळं स्वतःच केलं. रेकॉर्डिंग एका जिनिंगच्या गोदामात, चारी बाजूंनी कापसाच्या गाठी रचून... बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. पुढे महिनाभर आमच्या केसांतून कापूस निघत होता.

गोष्ट आईची. एक राक्षसीण राजाच्या मुलीचा आवाज काढून विहिरीत टाकते. मग कुणी बादली सोडली की पाण्याऐवजी हाक वर येते. शेवटी ती मुलगी स्वतःच आपला आवाज आणायला विहिरीत उतरते... आणि नेमकी तिथे पहिली बाजू संपते, कॅसेट उलटावी लागते.

आईने ही गोष्ट आम्हाला कायम दिवे लागल्यावरच सांगितली. प्रकाशन सकाळी अकराला आहे म्हटल्यावर तिचा लाटणारा हात थांबला.

"दिनमा गोट सांगानी नही रे... मामा वाट चुकस."

मी हसलो. माझे मामा एसटीत कंडक्टर होते! जळगाव-धुळे रस्त्यावरचा एकूण एक थांबा त्यांना तोंडपाठ. वाट चुकायला त्यांना रजाच काढावी लागली असती... आणि त्या दिवशी त्यांनी ती काढलीही होती, आमच्यासाठी.

कॉप्या जळगावला काढल्या होत्या, मामाही तिथलेच. मी त्यांना दहादा बजावलं होतं, खोकी एसटीच्या टपावर टाकू नका, मे महिन्याच्या उन्हात कॅसेट वाकतात. म्हणून ते एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या ट्रकमधून निघाले. केळी घेऊन सुरतेला जाणारा ट्रक, वाटेत धुळ्याला उतरायचं. आमची मूळ टेपही त्यांच्यापाशीच.

अध्यक्षांनी न ऐकलेल्या संगीतावर पाऊण तास भाषण केलं आणि ते जेवायला निघून गेले. पाठोपाठ निम्मा हॉल गेला. एसटीडी बूथवरून मामांच्या शेजाऱ्यांना फोन लावला, तर म्हणाले, सातलाच निघालेत.

एक वाजला... दोन वाजले. आई हॉलच्या पायरीवर जळगावहून येणाऱ्या पारोळा रोडकडे डोळे लावून बसली होती. मामा तिचा एकुलता एक भाऊ. ती मला बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या हायवेवर रोज काय काय व्हायचं ते आम्हाला ठाऊक होतं. वर्षभराची मेहनत गेली खड्ड्यात, कॅसेट नकोत, फक्त मामा धड येऊ देत... मी लुना काढली आणि पारोळा रोडला शोधायला निघणार, इतक्यात पाठीमागून ओळखीची हाक आली.

मामा! घामाघूम, दोन्ही खोकी खांद्यावर... आणि येत होते भलत्याच बाजूने. साक्रीकडून, म्हणजे सुरतेच्या बाजूने.

"कोठे व्हता रे भाऊ तू?" आई किंचाळलीच.

झालं होतं असं. धुळ्याच्या अलीकडे फागण्याजवळ ड्रायव्हर स्वतःच्या कॅसेटना कंटाळला. मामांनी खोकं उघडून आमची एक लावली. ड्रायव्हर हिंदी बोलणारा, म्हणून मामा त्याला शेजारी बसून गोष्ट समजावत होते. धुळं आलं तेव्हा पहिली बाजू नुकतीच संपली होती. ड्रायव्हर विचारायला लागला, "लडकी ऊपर आयी क्या?"

"राजानी पोर विहिरमा शे, अन् मी कसा उतरू?" मामा खाली मान घालून म्हणाले.

दुसरी बाजू संपेपर्यंत धुळं मागे पडून नेर आलं. मग ड्रायव्हरला सगळी पुन्हा पहिल्यापासून ऐकायची होती... आणि आलं साक्री. जन्मभर प्रवाशांना "चला, उतरा" म्हणणारा माणूस स्वतःच उतरायचा राहिला.

आईने आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, मग रडली, मग पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तिथेच जमिनीवर बसलो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मामा समोर होते, आणि आमची गोष्ट कुणालातरी पुढे काय झालं म्हणून विचारायला लावत होती. पहिली कॅसेट ड्रायव्हरने ठेवून घेतली, ती केळ्यांबरोबर सुरतेला गेली.

प्रकाशन दिवे लागल्यावर केलं. उरलीसुरली दहा-बारा माणसं. "आते लाव," आई म्हणाली, आणि मग मी प्लेचं बटण दाबलं.

मामा आता थकलेत, पण ती धून वाजली की अजून मान डोलावतात. त्यांचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज इथे लिहितोय.

निमित्त म्हणजे माझ्या भाचीने ती जुनी कॅसेट साफसूफ केली, आता ती ऑनलाइन टाकतेय. काल तिने विचारलं, "उद्या किती वाजता अपलोड करू?"

म्हटलं, बाई, दिवे लागल्यावर कर. आता मामा मी आहे... आणि उद्या मला जळगावहून धुळ्याला यायचंय.