बुधीचं नाक

खर्डीच्या पुढे, रिक्षा जिथवर जाते त्याच्याही थोडं पलीकडे एक रिसॉर्ट आहे. मे महिन्यात मुंबईची माणसं घरचा एसी सोडून तिथे उकडून घ्यायला येतात. दुपारच्या जेवणाबरोबर त्यांनी कुठली वाइन प्यावी हे बुधी ठरवते. बुधी तिथल्या स्वयंपाकघरात नाचणीच्या भाकऱ्या करते. वय पन्नाशीचं. सतरा वर्षांपूर्वी तिनं पाड्यातल्या वाघोबासमोर दारू न पिण्याची शपथ घेतली होती. मी तिच्या पाड्यावर नऊ वर्षं मास्तर होतो, त्यामुळे ती शपथ मी पाहिलेली आहे.

शपथ घेणाऱ्या अकरा बाया होत्या. सगळ्यात वडील गोदू, आणि सगळ्यात कडक बुधी. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी या बाया पाड्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि परतणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड हुंगायच्या. हुंगायची बुधी, आणि निकाल मोठ्यानं सांगायची गोदू. "येतोय" किंवा "नाय येत", एवढाच निकाल. ज्याचा वास येतोय त्यानं वाघोबाला पाच नारळ द्यायचे आणि सगळ्यांसमोर कान धरायचे. दुपारी घेतलेला घोट बुधीला संध्याकाळी कळायचा. वर कुठल्या झाडाखाली बसून घेतला तेही कळतं, अशी पुरुषांची समजूत होती. ती खोटी, पण उपयोगाची.

एका बाजाराला तिचा सख्खा धाकटा भाऊ गोमा आला. बुधीनं हुंगलं आणि गोदूकडे बघून मान हलवली. "ताय, एकच घोट होता, सोयऱ्यानं हात धरला," तो म्हणाला. बुधी म्हणाली, "घोट म्हंजे घोट." गोमानं बायकोपोरांसमोर कान धरले, नारळ दिले आणि पुढच्या महिन्यात ओढ्यापलीकडे झोपडं बांधलं. त्याला अकरा वर्षं झाली. बहीणभाऊ समोरासमोर आले तरी बोलत नसत. मी एकदा मध्ये पडायला गेलो होतो. बुधीनं मला शाळेची वाट दाखवली.

रिसॉर्टवर तिचं हे नाक कामाला आलं ते अपघातानंच. तीन उन्हाळ्यांपूर्वी एक लाल वाइनची बाटली फुटली. फरशी पुसता पुसता बुधी मॅनेजर किशोरला म्हणाली, "ही उन्हात कोणाला देऊ नका. कुजवलेल्या मोहावानी वास हाय, डोक्यात जाईल." किशोर आसनगावचा, हॉटेलचा कोर्स केलेला. तो हसला आणि त्याच बाटलीची जोडीदार पाहुण्यांना दिली. चार वाजता पाहुणे डोकी धरून आडवे. तेव्हापासून तो नव्या पेटीतली एकेक बाटली बुधीपुढे ठेवायला लागला.

तिची पद्धत साधी होती. स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतायची, पेला तळहातात थोडा वेळ धरायचा, मग हुंगायचं. लिंबाच्या पाल्याचा, काकडीच्या सालाचा, हिरव्या करवंदाचा वास आला की ती मे महिन्याची. ती पांढरी असायची, कधी गुलाबी. गोड, जड वासाची असली तर "ही शेकोटीची" म्हणून बाजूला. लाल सगळीच वाईट असं तिचं म्हणणं नव्हतं. पातळ लाल असेल, जांभळाचं पाणी घातल्यासारखी, तर ती गार करून द्या म्हणायची. हुंगून झालं की पेला मोरीत रिकामा. शपथ पिण्याची होती, वासाची नव्हती, आणि पाड्यानंही ते कुरकुरत का होईना मान्य केलं होतं. गोदूनंच तसं सांगितलं होतं.

परवाच्या शनिवारी मालकाचे बारा पाहुणे आंब्याखाली जेवायला बसले. नुसत्या नाकानं वाइन निवडणारी बाई बघायची म्हणून ते मुद्दाम आले होते. दोन पांढऱ्या बाटल्या होत्या. त्यांतली आधी कुठली काढायची हे बुधीनं सांगायचं होतं. किशोरनं शहाणपणा करून दोन्ही बाटल्या सकाळपासून बर्फात पुरून ठेवल्या होत्या. बुधीनं पहिला पेला हुंगला. काही नाही. दुसरा हुंगला. तोही मुका. गारठलेल्या दारूला वास नसतो, हे तिला तेव्हा कळलं. पाड्यावर कोणी कधी बर्फात दारू ठेवली होती?

"जरा वेळ राहू दे," ती किशोरला म्हणाली. तेवढ्यात मालक म्हणाले, "काय बुधाबाई, आज नाक सुट्टीवर?" पाहुणे हसले. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं हुंगणारी बाई स्वतःच तोंडघशी पडायला आली होती. तिला ते सोसलं नाही. तिनं पेला ओठाला लावला आणि एक घोट घेतला. मग डावीकडच्या बाटलीवर बोट ठेवलं. टाळ्या वाजल्या. किशोरनं फोटो काढला आणि तिथल्या तिथे स्टेटसला टाकला.

बुधी घरी पोचायच्या आधी फोटो पाड्यावर पोचला होता. पेला तिच्या तोंडासमोर आहे एवढं दिसत होतं. नाकाला आहे की ओठाला, ते कळत नव्हतं. हातपंपावर बाया जमल्या होत्या. गोदूची सून माधुरी फोन पुढे करून म्हणाली, "काकू, तुमीच सांगा." खोटं बोलायची बुधीला सवय नव्हती आणि खरं बोलायला जीभ वळेना. मग कोणीतरी म्हणालं, "सांगायचं कशाला? हुंगा की." आणि सगळ्यांनी गोदूकडे पाहिलं.

गोदू काठी टेकत पुढे आली. तिनं बुधीची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि नाक जवळ नेलं. तसं उभं राहायला कसं वाटतं ते बुधीला त्या दिवशी कळलं. तिला गोमाचा चेहरा आठवला. गोदूनं वेळ घेतला, मग सगळ्यांकडे वळून जुन्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "नाय येत."

बाया हंडे उचलून पांगल्या. दोघी घराकडे निघाल्या तेव्हा बुधी म्हणाली, "गोदू, नीट हुंगलंस ना गो?"

"हुंगून काय करू? करोनापासनं मला कसलाच वास येत नाय. चुलीवर भात करपला तरी कळत नाय."

"मंग तसं का सांगितलंस?"

"तू इतकी वरसं मान हलवायचीस, त्यावर मी बोलायचे. मी कवा इचारलं का, खरं का खोटं?"

बुधी थांबली. "मी एक घोट घेतला, गोदू."

गोदू दोन पावलं पुढे गेली होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कसा होता?"

"आंबट. गार. लिंबाचा पाला चावल्यावानी."

"उन्हाचा बरा वाटला असंल," एवढंच गोदू म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधीनं वाघोबापुढे पाच नारळ ठेवले. तिथून ती ओढा ओलांडून गेली. गोमा दारात टोपली विणत बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"गोमा, माझं तोंड हुंग."

त्यानं हातातली काडी खाली ठेवली. "कशाला?"

"काल घोट घेतला."

तो हुंगायला काही पुढे झाला नाही. "किती?"

"एकच."

"माझाबी एकच होता, ताय."

"ठाऊक हाय," बुधी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला तवाबी ठाऊक होतं."

गोमानं काडी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि बायकोला आवाज दिला, "दोन चहा ठेव गो."