फरशीवाली मिस्त्री सुगंधाबाई

सुगंधाबाईनं सोळा वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं. ती गंगापूरकडची. माहेरी मेंढरं होती, सासरी तीही उरली नव्हती, म्हणून नवरा कडूबाबरोबर ती शहरात आली. कडूबा गारखेड्यातल्या एका सोसायटीत वॉचमन लागला आणि ती रोज सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभी राहू लागली. वाळू चाळायची, सिमेंट कालवायचं, मिस्त्रीच्या हाताशी माल द्यायचा. पण माल देता देता तिची नजर मिस्त्रीच्या हातावर असायची. कोणती फरशी खालून पोकळ बसलीय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. एकदा तिनं तसं बोलून दाखवलं, तर मिस्त्री म्हणाला, "तू तुझं घमेलं सांभाळ."

बांधकाम कामगार संघटनेच्या ऑफिसात ती पहिल्यांदा गेली ती मुलीसाठी. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आईनं नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा होता. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत संघटनेचं ऑफिस होतं आणि कामकाज बघायच्या सचिव शकीलाआपा. त्या एका रंगाऱ्याची मुलगी. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, "कामाचा प्रकार?"

"बिगारी."

"सोळा वर्षं नुसतं बिगारीच?"

"दुसरं कोण करू देतंय, आपा? फरशीचं काम मला समदं कळतं, पण हातात थापी कोणी देत नाय."

शकीलाआपांनी पेन खाली ठेवला. "रविवारी या. मागच्या शेडमधी जहांगीरभाई फरशीकाम शिकवतात. सभासदाला फी नाय."

जहांगीरभाईंनी तीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या. आता गुडघे गेले होते, म्हणून ते खुर्चीत बसून काठीनं दाखवत शिकवायचे. समोर अकरा पुरुष आणि त्यांत ही एक बाई. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "गुडघे सही-सलामत हैं ना?"

"मेंढरामागं चाललेले गुडघे हायेत, भाई."

"मग बसा खाली."

चार महिने तिचा एकही रविवार चुकला नाही. गुण्या लावून काटकोन बघणं, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढणं, कोपऱ्यातली फरशी न फुटता कापणं, सगळं हाताला येत गेलं. मग परीक्षा आली. न्हाणीघराची फरशी बसवायची आणि वर बादलीभर पाणी ओतायचं. सगळं पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. सुगंधाबाईच्या फरशीवर एका कोपऱ्यात भाकरीएवढं पाणी थांबलं.

"एवढंसंच तर हाय," ती कशीबशी म्हणाली.

"एवढ्याशा पाण्यावर कोणाची तरी म्हातारी आई घसरंल," जहांगीरभाई म्हणाले. "नापास."

ती रडली नाही. माल ओला होता तोवर तिनं स्वतःच्या हातानं त्या फरश्या उचकटल्या, धुतल्या आणि रचून ठेवल्या. पुढचे तीन रविवार तिनं फक्त उतार काढला. दुसऱ्या परीक्षेला पाणी ओतलं तसं ते वळलं, सरसर जाळीकडे धावलं आणि मागं नुसती ओली चमक राहिली. अकराच्या अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. जहांगीरभाई गुडघ्यांचं भान विसरून ताडकन उठले आणि लगेच "या अल्ला" करत, हसत खुर्चीत बसले.

तिच्या नव्या ओळखपत्रावर लिहून आलं, 'फरशी कारागीर'. ते घेऊन ती बीड बायपासवरच्या एका नव्या इमारतीवर गेली. ठेकेदारानं कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "बाईच्या हातची फरशी कोण घेणार? घमेलं पाहिजे तर तिकडं हाय."

आधीची सुगंधाबाई असती तर गुमान घमेल्याकडे गेली असती. तिनं शकीलाआपांना फोन लावला. अर्ध्या तासात आपा स्कूटीवर हजर झाल्या, हातात ठेकेदारानं गेल्याच वर्षी संघटनेबरोबर सही केलेला करार. परीक्षा पास झालेल्याला मिस्त्रीचं काम आणि मिस्त्रीचीच मजुरी द्यायची, असं त्यात साफ लिहिलं होतं.

"यात कुठं पुरुषच पाहिजे असं लिवलंय का, शेठ? वाचा की."

ठेकेदारानं कागद दोनदा वाचला. तेवढ्यात जहांगीरभाईंचे दोन जुने शागीर्द, तिथंच काम करणारे मिस्त्री, थापी खाली ठेवून सुगंधाबाईच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बरं, बरं. तिसऱ्या मजल्यावरचं एक बाथरूम घे. बघू."

दोन दिवसांनी ठेकेदार ते बघायला आला. खिशातलं नाणं काढून त्यानं एकेक फरशी टकटक वाजवली. पोकळ आवाज एकीचाही आला नाही. त्यानं नाणं खिशात टाकलं. "उद्यापासून समोरचा फ्लॅट पण घ्या, बाई." 'घे'चं 'घ्या' झालेलं तिनं बरोबर ऐकलं आणि घरी जाऊन कडूबाला तीनदा सांगितलं.

तिचं बघून अड्ड्यावरच्या सरिता आणि आवडाबाई संघटनेच्या वर्गाला आल्या. आता जहांगीरभाईंच्या खुर्चीशेजारी उभी राहून सुगंधाबाईच त्यांना उतार शिकवायची. त्या दोघी पास झाल्यावर, या हिवाळ्यात, संघटनेनं तिघींना मिळून फर्दापूरचं काम मिळवून दिलं. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठीचं लॉज, आठ खोल्या. एसटीत अवजारांच्या पिशव्या मांडीवर घेऊन तिघी गेल्या. काम बघून लॉजच्या मालकानं गच्चीचंही काम त्यांनाच सांगितलं.

दुपारी जेवताना सुगंधाबाईनं कडूबाला फोन केला. "अजून चार दिवस लागतील हो. गच्ची पण मिळाली."

"लई भारी!" कडूबा ओरडला. मग हळूच म्हणाला, "पण पिठल्यात पाणी किती टाकायचं?"

"बेसन किती घेतलंय?"

"बेसन आधी घ्यायचं व्हय?"

फोन स्पीकरवर होता. आवडाबाईला हसता हसता ठसका लागला, सरितानं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि सुगंधाबाई पदरानं डोळे पुसत नवऱ्याला पिठल्याची रीत पहिल्यापासून सांगू लागली.