पत्रा आणि लांबी

हातोडीकाकांची नजर पुरती गेली, तेव्हा त्यांच्या थोरलीने मनाशी ठरवलं, की आता बाबांची जुनी गाडी पुन्हा नवी करायचीच. थोरली पन्नाशीची. तीस वर्षं एका दंतवैद्याकडे कवळ्या घडवल्या, तिथे मशीन आलं तशी घरी बसली. आई गेलेली, धाकटी लग्न होऊन लांब. घरात उरले बापलेक, आणि मागच्या शेडमध्ये गोल पाठीची ती जुनी मोटार.

काकांनी हयातभर गाड्यांचे पोचे काढले. त्यांचं एकच ब्रीद होतं. पत्रा ठोकून सरळ करायचा. पोचा तसाच ठेवून वरून लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, थापायची आणि रंग फासायचा, हे त्यांच्या लेखी पाप. "लांबी भरतो तो कारागीर नव्हे, गवंडी," असं ते चारचौघांत म्हणत. थोरलीला ते वाक्य बाराखडीसारखं पाठ होतं.

ती ब्रशने रंग काढायचं औषध लावी. मरून रंग सायीसारखा सुरकुते, मग ती पात्याने खरवडे. काका शेजारी खुर्चीवर.

"काय निघालं?"

"क्रीम."

"तो तुझ्या आईचा रंग. मी मरून मारला, तेव्हा आठ दिवस बोलली नव्हती. फार शांततेत गेले ते दिवस."

टप आणि बॉनेट उघडे व्हायला दोन आठवडे लागले. काका पत्र्यावरून तळवा फिरवत. हातोडीच्या बारीक खुणा बोटांना लागल्या, की त्यांचा चेहरा उजळे.

मग डावं दार आलं. रंगाखाली औषध चालेना. तिने पातं घुसवलं, तर लांबीची हाताएवढी पिवळट खपली निघाली, बोटभर जाडीची. मागे पत्रा चुरगळलेला, गंजून भोकं पडलेली. थोरली तशीच बसली.

"हात का थांबला?"

"दमले."

"दार आलं ना?"

"हो. पत्रा चांगला आहे, बाबा."

काका उठले. चाचपडत आले आणि बोटाच्या पेराने दार वाजवलं. भिंतीवर वाजवावं तसा बद्द आवाज आला.

"खोटं बोलायला शीक जरा," ते म्हणाले. मग चाचपडत परत खुर्चीवर बसले. "हात कापायला लागला होता, पोरी. हातोडी भलतीकडेच पडायची. शेवटची सहा वर्षं मी एकही पोचा काढला नाही. सगळं भरलं. लोक नावावर गाडी सोडून जायचे. आत कोण बघतो?"

"कुणी काही बोललं नाही?"

"चार-पाच वर्षांनी फुगून आलंच असेल. पण भांडायला कुणी आलं नाही. एखादा आला असता, तर बरं झालं असतं."

थोरलीला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. त्यांना धीर यावा म्हणून ती म्हणाली, "त्यात काय एवढं, बाबा. सगळेच भरतात."

शब्द तोंडातून गेले आणि तिला कळलं, की हे म्हणायला नको होतं. काकांनी मान डोलावली.

"हो," ते म्हणाले. "सगळेच."

दुसऱ्या दिवसापासून ते शेडकडे फिरकले नाहीत. तिने पत्र्याचं काम करणारा एकजण आणून दाखवला. त्याने दाराखालची पट्टी खिळ्याने टोचली, तर खिळा आरपार गेला. तो म्हणाला, "बाई, ही गाडी रंगावर उभी होती." उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून प्रायमर मारायला हवा होता. रोज उद्या मारू म्हणत तिने मारला नाही. दमट हवेत महिन्याभरात टप तांबूस झाला, जो त्यांनी खरोखर हाताने घडवला होता तोच. तिने ते त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

शेवटी तिने भंगारवाल्याला बोलावलं. गाडी ओढून नेताना चाकं फरशीवर करकरत होती. काका आतल्या खोलीत जागेच होते. त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.