दुसरा तुंबा

आज इंग्रजीच्या मास्तरांनी 'बॉयंट' शब्द शिकवला. जे पाण्यात बुडत नाही ते बॉयंट, अन् ज्याचं मन बुडत नाही तोही बॉयंट. मले एकदम आमच्या गावच्या, कामठ्याच्या तळ्यातली शिंगाडेवाली आठवली. नाव माहीत नाही. वाळल्या भोपळ्याचा तुंबा छातीखाली घेऊन ती तरंगत शिंगाडे तोडायची, काटा बोचला का त्यालेच शिव्या देऊन हसायची. कमरेला दोरीनं आणखी एक तुंबा बांधलेला, रिकामाच.

"मावशी, हा दुसरा कायले?" म्या काठावरून विचारलं.

"माह्या मानसाचा होय, बाबू. तो गेला आसामात, चायच्या मळ्यात. घरी ठेवला तं उंदरं कुरतडतेत. भोक पडलं अन् तो आला, तं कायवर तरंगन? माह्या डोक्यावर?"

खळखळून हसली. मग दोरी ओढून तो तुंबा जवळ घेतला, टिचकी मारून कान लावला अन् परत पाण्यात सोडला.

मास्तरांनी उदाहरण विचारलं तं मी म्हणालो, "तुंबा." वर्ग हसला. कोणता तुंबा, ते कोणी विचारलंच नाही. तिकडे आता शिंगाडे निघून राहिले असतील. त्या दुसऱ्या तुंब्यावर यंदा कोणी आहे का, हे मले इथं नागपुरात बसून कसं समजन?