ओळंबा सरांची प्रवेशिका

पुण्याच्या एका सल्लागाराने आमच्या ओळंबा सरांना फसवलं. बोरीजवळच्या ओढ्यावरचा पूल सरांनी बेतला, मी बांधला आणि त्यासाठीचा संरचना अभियांत्रिकीचा पुरस्कार त्या माणसाने घेतला. त्याने तो पूल एकदाच पाहिला होता, तोही गाडीची काच खाली न करता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सरांबद्दल निवांत लिहिता येईल.

सर परभणीत पॉलिटेक्निकला शिकवून निवृत्त झालेले. खिशात पेन नसेल एखाद्या वेळी, पण पितळी ओळंबा असायचाच. चहाला ज्या घरी जातील तिथली भिंत त्याने तपासायची, ही त्यांची खोड. माझ्या वास्तुशांतीला पंगतीतून उठून त्यांनी बैठकीतल्या खांबाला ओळंबा लावला आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "गुत्तेदार, अर्धं सूत बाहेर आहे. जेवण मात्र सरळ झालंय." मी सातवी शिकलेला, डोक्यावर टोपली वाहत गुत्तेदार झालेला तापट माणूस. दुसऱ्या कुणाला मी पानावरून उठवलं असतं. सरांना मी आणखी एक जिलबी वाढली.

मी खडीवाल्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करतो. सरांशी एकदाच करून पाहिली. पुलाच्या पायाला सहा पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, कशाला, चारात भागवा, असं म्हणालो. त्यांनी भर मे महिन्यात मला शेजारच्या शेतात नेलं आणि काळ्या मातीच्या भेगेत कोपरापर्यंत हात घालायला लावला. "ही जमीन पावसाळ्यात तुमचा पूल वर उचलणार आणि उन्हाळ्यात सोडून देणार," ते म्हणाले. "हिच्याशी बोलून घ्या. ही चारावर राजी झाली तर माझी हरकत नाही." सहाच्या सहा पाइल मी मुरुमापर्यंत नेल्या, बुडाशी फुगवटा देऊन.

तिसऱ्या पाइलला माझ्या हातून चूक झाली. सर आले नव्हते आणि काँक्रीट कालवून तयार होतं. भोकात थोडी माती ढासळल्याचं दिसलं, तरी मी ओतायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सिमेंटची रिकामी पोती मोजली. मग पाइलला पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "चार पोती कमी गेली. तितकी जागा मातीने खाल्ली आहे." मी खूप वाद घातला. शेवटी ती पाइल बाद करून शेजारी नवी घातली.

पूल झाल्यावर सरांनी पुरस्कारासाठी प्रवेशिका लिहायला घेतली. माझ्या मते त्यात झकास फोटो आणि मोठे आकडे हवे होते. सरांनी मात्र अख्खं पान त्या बाद पाइलला दिलं. मी भडकलो. लिहायचंच असेल तर माझं नाव गाळून लिहा, म्हणालो.

"नाव राहील," सर म्हणाले. "चूक तुमची, तशी नवी पाइलही तुमचीच. परीक्षकांना सगळेच चांगलं झाल्याचं सांगतात. आपल्याला चूक कशी कळली, ते सांगू. आपल्या अर्जात जोर तेवढाच आहे."

शेवटच्या पानावर त्यांनी काम करणाऱ्यांची नावं लिहिली. पहिलं नाव सळई बांधणाऱ्या बाबूमियाचं. तो ओशाळून म्हणाला, "सर, आमचं नाव कायला? आमी निस्ती तार पिळायलाव." सर म्हणाले, त्या तारेवरच सळई जागेवर राहते. मग बाकीचे मजूर, मग मी आणि सगळ्यात खाली, अभिकल्पक, म्हणजे पूल बेतणारे म्हणून, ते स्वतः. स्वतःचं नाव वर लिहिणं त्यांना जमायचं नाही.

प्रवेशिकेवर पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या सभासदाची सही लागत होती आणि सर सभासद नव्हते. म्हणून आमचे नकाशे तपासून शिक्का देणाऱ्या त्या सल्लागाराकडे कागद पाठवले. पोतं उघडून पाहिल्याशिवाय मी सिमेंटच्या पावतीवर सही करत नाही, पण त्याने पुढे समितीला काय पाठवलं ते मी पाहिलं नाही. त्याने शेवटचं पान काढलं आणि अभिकल्पकाच्या रकान्यात आपलं नाव घातलं. निकालपत्रात परीक्षकांनी बाद पाइलच्या पानाचं खास कौतुक केलं होतं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे, असं त्या माणसाबद्दल लिहिलं होतं.

मी जीप काढून पुण्याला निघालो होतो. सरांनी निकालपत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि कागद मागितला. वाटलं, आता तक्रार लिहितील. त्यांनी समितीला कळवलं की पाइलची खोली साडेपाच मीटर आहे, निकालपत्रात साडेचार छापली आहे, कृपया दुरुस्त करावी, नाहीतर कुणी वाचून तशीच खोदील. स्वतःच्या नावाबद्दल एक अक्षर नाही. मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "नाव चुकलं तर पूल पडत नाही, गुत्तेदार."

पत्राला उत्तर आलं नाही. गेल्या हिवाळ्यात सर गेले. खांदा द्यायला बाबूमिया सगळ्यांच्या पुढे होता.

सरांना चाललं असेल, मला चालत नाही. शेवटचं पान का काढलं, हे त्या सल्लागाराने सांगावं. सरांच्या पत्राचं काय केलं, ते समितीने सांगावं. आपलं नाव छापलेलं पुरस्काराचं पुस्तक कधी येणार, असं बाबूमिया आजही मला विचारतो. पुस्तकात नाव येणार, असं त्याने पोरीला सांगून ठेवलंय. उत्तर लेखी द्या, सहीनिशी द्या आणि त्याला वाचून दाखवता येईल अशा मराठीत द्या.